जलसमाधि आणि भंगार

२०१६ च्या नोव्हेंबर महिन्यांत जावाच्या समुद्रांत कांहीं पाणबुडे उतरले. तेथील आरमारी लढाईला पुढील फेब्रुवारींत पंचाहत्तर वर्षें पुरीं होणार होतीं. त्या प्रसंगापूर्वीं तळाशीं विसावलेल्या डच जहाजांची पाहणी करावी, त्यांचीं चित्रें टिपावीं, असा त्यांचा हेतु होता. 'डी रॉयटर' आणि 'जावा' हीं दोन क्रूझर जहाजें २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्रीं जपानी टॉर्पेडोंनीं बुडालीं. त्यांचे सांगाडे २००२ सालीं सांपडले होते आणि जागा नक्की ठाऊक होती. परंतु पाणबुडे त्या जागीं पोंचले तेव्हां जहाजें तेथें नव्हतीं. तळावर त्यांच्या आकाराचे खळगे तेवढे राहिले होते. 'कोर्टेनार' या तिसऱ्या जहाजाचाही मोठा भाग गेला होता. आणि त्याच मोहिमेंत बुडालेल्या 'एक्झेटर' व 'एन्काउंटर' या ब्रिटिश जहाजांची गत फारशी निराळी नव्हती.

जहाज चोरीला गेलें ही बातमी आम्हीं प्रथम वाचली तेव्हां आम्हांस हसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. दारांतली वहाण जाते, नळाची तोटी जाते. सहा-साडेसहा हजार टनांची युद्धनौका कशी जाईल? पण रीत सोपी आहे. मोठ्या बार्जवर यारी बसवितात, तिचा लोखंडी जबडा तळापर्यंत सोडतात, सांगाडा फोडून त्याचे तुकडे वर ओढतात आणि वजनावर विकतात. पंख्यांच्या धातूला लोखंडाहून कितीतरी अधिक भाव येतो, म्हणून ते बहुधा आधीं जातात. आमचें हसूं मावळलें तें पुढची ओळ वाचल्यावर. त्या तीन डच जहाजांबरोबर नऊशेंच्या वर माणसें गेलीं होतीं, आणि त्यांतलीं पुष्कळ त्या सांगाड्यांतच राहिलीं होतीं. जबड्यानें लोखंड उचललें तेव्हां लोखंडासोबत काय उचललें गेलें असेल?

येथें उभा राहणारा प्रश्न केवळ कायद्याचा नाहीं. युद्धनौका बुडाली तरी तिच्यावरील मालकी तिच्या राष्ट्राचीच राहते, असें राष्ट्रें सामान्यतः मानतात. चोराला पकडण्यास तेवढें पुरे. आम्हांस विचारावयाचें आहे तें वेगळें. मेलेल्या माणसाचा जिवंतांवर कांहीं हक्क उरतो काय? आणि उरत असला तर तो त्याच्या हाडांभोंवतालच्या पोलादापर्यंत पोंचतो काय?

या प्रश्नाचा विचार करावयास स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्क्नी बेटांइतकी चांगली जागा दुसरी नाहीं. तेथें स्कापा फ्लो नांवाचा, चोहोंकडून बेटांनीं वेढलेला विस्तीर्ण जलाशय आहे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा मुख्य तळ येथें होता. पहिलें युद्ध थांबल्यावर जर्मनीचीं ७४ जहाजें येथें अडकवून ठेवलीं होतीं. तीं शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजीं जर्मन खलाशांनीं आपल्या सेनापतीच्या हुकुमावरून त्यांच्या झडपा उघडल्या, आणि संध्याकाळपर्यंत ५२ जहाजें तळाशीं गेलीं. पुढें अर्नेस्ट कॉक्स या भंगाराच्या व्यापाऱ्यानें १९२४ पासून तीसहून अधिक जहाजें वर काढलीं व मोडून विकलीं. हें काम इतकें अवघड होतें कीं आजही त्याचें कौतुक होतें. यांत कोणास वावगें दिसलें नाहीं, आणि आम्हांसही दिसत नाहीं. कारण जहाजें रिकामीं होतीं. आपली 'विक्रांत' २०१४ सालीं मुंबईच्या दारूखान्यांत मोडावयास घेतली तेव्हां पुष्कळांचा जीव हळहळला. पण तें दुःख जुन्या वाड्यावर कुदळ पडतांना होतें त्या जातीचें होतें. वाडा पाडणें हें वाईट वाटण्यासारखें असेल. तें पाप नव्हे.

त्याच जलाशयांत, किनाऱ्यावरून दिसेल अशा अंतरावर, एक हिरवा बोया तरंगत असतो. त्याच्याखालीं 'रॉयल ओक' ही युद्धनौका उलटून पडलेली आहे. १४ ऑक्टोबर १९३९ रोजीं मध्यरात्रीनंतर ग्युंथर प्रीन याची 'यू-४७' ही जर्मन पाणबुडी चोरवाटेनें आंत शिरली व तिनें टॉर्पेडो सोडले. 'रॉयल ओक'वरील ८३५ माणसें गेलीं. त्यांत शंभराहून अधिक अठरा वर्षांच्या आंतील पोरें होतीं. या जागीं परवानगीवांचून कोणास पाण्याखालीं जातां येत नाहीं. वर्षांतून एकदां आरमाराचे पाणबुडे जातात व जहाजावरचें निशाण बदलून येतात. एकाच पाण्यांत, कांहीं मैलांच्या अंतरावर, एके काळीं जहाज म्हणजे भंगार होतें आणि एके ठिकाणीं जहाज म्हणजे थडगें आहे. फरक आंत कोण आहे एवढाच.

पण हेंही थडगें अस्पर्श राहिलें नाहीं. 'रॉयल ओक'च्या टाक्यांतून वर्षानुवर्षें तेल पाझरत राहिलें, आणि किनाऱ्याचें व समुद्रजीवांचें नुकसान होईल या भयानें आरमारानें स्वतःच भोंकें पाडून तें उपसून काढलें. आम्हांस ही गोष्ट महत्त्वाची वाटते. मृतांचा हक्क निरपवाद नाहीं. जिवंतांना खरोखरच अपाय होत असेल तर त्याला वाट द्यावी लागते. मात्र वाट देतांना हात कसा लावला, कोणास विचारून लावला, यांत सगळें अंतर आहे. रुग्णाच्या अंगावर वैद्यही शस्त्र चालवितो आणि वाटमाऱ्याही चालवितो.

बुडविणाऱ्यांचें पुढें काय झालें? 'यू-४७' ही १९४१ च्या मार्च महिन्यांत अटलांटिकमध्यें सर्व माणसांसह नाहींशी झाली. ती कोठें पडली आहे हें आजतागायत कळलेलें नाहीं. कील शहराजवळ मोल्टेनोर्ट येथें जर्मन पाणबुड्यांवर मेलेल्या सुमारें पस्तीस हजार खलाशांचीं नांवें काशाच्या पत्र्यांवर कोरलेलीं आहेत. हे लोकही त्यांतच. मारणारे व मेलेले दोघेही शेवटीं एकाच ठिकाणीं गेले.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत येथें एक शंका येईल, कारण ती आमच्याही मनांत आली. आपण देह अग्नीला देतों, अस्थि नाशिकास गोदावरींत किंवा जवळच्या नदींत सोडतों, आणि सोडलेल्या अस्थि पुढें कोठें गेल्या याची चौकशी कोणी करीत नाहीं. पाण्याला दिलें तें दिलें. एकनाथ महाराजांनीं गोदावरींत देह ठेवला त्यालाही आपण जलसमाधि म्हणतों आणि टॉर्पेडोनें फुटलेल्या जहाजालाही जलसमाधि मिळाली असें वर्तमानपत्रांत छापतों. मग तळाशीं पडलेल्या हाडांवर इतका पहारा कशाला? हा कबर मानणाऱ्यांचा मोह नव्हे काय?

शंका खोटी नाहीं, पण तिच्यांत एक गफलत आहे. आपण अस्थि सोडतों त्या आपल्या हातानें, मंत्रपूर्वक, ज्यांचा अधिकार आहे त्यांनीं. 'सोडणें' हें तेथें एक कर्म आहे. 'रॉयल ओक'मधल्या सोळासतरा वर्षांच्या मुलाला कोणीं सोडलें नाहीं. तो झोपेंतून उठला तों पाणी आंत येत होतें. ज्याचें क्रियाकर्म झालें नाहीं त्याच्याविषयीं आपल्या घरांतूनही किती अस्वस्थता असते हें सर्वपित्री अमावास्येला आठवावें. ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांचीही सोय आपल्या पूर्वजांनीं त्या एका दिवशीं करून ठेवली आहे. शिवाय जहाज हें त्या माणसांस केवळ पेटी नव्हतें. पर्ल हार्बर येथें ७ डिसेंबर १९४१ रोजीं बुडालेल्या 'ॲरिझोना'वर ११७७ माणसें मेलीं. त्या दिवशीं वांचलेल्यांपैकीं चाळीसहून अधिक लोकांनीं, पुढें आयुष्य भोगून, मुलाबाळांत मरतांना, आपली रक्षा त्याच जहाजांत ठेवावी अशी इच्छा केली, व ती ठेवलीही गेली. त्यांना दुसरी जागा नव्हती असें नाहीं.

याहून कठीण शंका जावाच्या समुद्रांतील माणसाची आहे, आणि तिच्यावरून लोक फार घाईनें पुढें जातात. डच जहाजें तेथें होतीं तीं डच साम्राज्य राखण्यासाठीं. त्यांच्यावर इंडोनेशियाचे खलाशीही होते. पण ज्या देशाच्या पाण्यांत तीं बुडालीं त्यानें १९४५ सालीं स्वातंत्र्य पुकारलें आणि त्यासाठीं डचांशींच १९४९ पर्यंत झुंज घेतली. आज त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यानें किंवा भंगारवाल्यानें जुन्या मालकांच्या थडग्यांपुढें मान लवविली पाहिजे, हें त्याला कोणत्या तोंडानें सांगावयाचें? जहाजें राखा असें आम्हांस कधीं कोणीं सांगितलेंच नाहीं, असें इंडोनेशियाकडून उत्तर आलें, तें अगदींच उर्मट नव्हतें.

आणि सांगणाऱ्यांचें स्वतःचें वर्तन पाहिलें तर तोंड आणखीच लहान होतें. २२ सप्टेंबर १९१४ रोजीं हॉलंडच्या किनाऱ्याजवळ 'अबूकीर', 'होग' आणि 'क्रेसी' हीं तीन ब्रिटिश क्रूझर जहाजें एकाच जर्मन पाणबुडीनें एका सकाळीं बुडविलीं. चौदाशेंहून अधिक माणसें मेलीं. १९५४ सालीं ब्रिटिश सरकारनें या तिन्ही जहाजांचा माल काढण्याचा हक्क विकला, आणि तोही एका जर्मन कंपनीला. युद्धांत बुडालेल्या जहाजांना संरक्षण देणारा त्यांचा कायदा १९८६ चा आहे. म्हणजे श्रीमंत राष्ट्रांसही ही भक्ति उशीरा सुचली, पोलादाची गरज भागल्यावर सुचली. भुकेल्या माणसास सोंवळें शिकविण्यापूर्वीं हें आठवणें बरें.

तरीही भंगारवाल्याचा पक्ष आम्हांस मान्य होत नाहीं. दुसऱ्यानें केलें म्हणून तें योग्य ठरत नाहीं, हें तर आहेच. परंतु मुख्य गोष्ट अशी कीं मृताचा हक्क त्याच्या निशाणावर अवलंबून नाहीं. तो उभा आहे तो त्याच्या असाहाय्यतेवर. जिवंत शत्रु उलट वार करूं शकतो, करार करूं शकतो, पळून जाऊं शकतो. मेलेला यांतलें कांहींच करूं शकत नाहीं, आणि म्हणूनच आपण त्याच्याशीं कसे वागतों यांत आपल्यावर आपल्याखेरीज कोणाचाच धाक नसतो. साम्राज्याशीं भांडण असेल तर तें साम्राज्याशीं. तळाशीं आहेत तीं बहुतेक पोटासाठीं भरती झालेलीं पोरें.

या बाबतींत आपल्या देशाचें एक उदाहरण सांगण्यास संकोच वाटूं नये. १९७१ च्या डिसेंबरांत पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणच्या बाहेर नव्वदांहून अधिक माणसांसह बुडाली. ती कशी बुडाली याविषयीं दोन देशांचें एकमत नाहीं. पण ती कोठें आहे हें आपल्या आरमारास ठाऊक आहे, आणि तिला तेथेंच स्वस्थ पडूं दिलें आहे. त्याच आठवड्यांत दीवच्या बाहेर आपली 'खुकरी' १९४ जणांसह गेली. 'खुकरी'वर कोणाचा जबडा पडूं नये असें ज्यास वाटतें, त्यास 'गाझी'विषयीं दुसरा नियम लावतां येणार नाहीं.

हें लिहितांना आमच्या मनांत मात्र वेगळींच माणसें येत राहिलीं आहेत. मुंबईंत मशीद बंदराजवळ खलाशांच्या वसतिगृहांत दोन स्मारकें आहेत. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या व समुद्राखेरीज दुसरें थडगें नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें एक, आणि दुसऱ्या महायुद्धांतल्या सहा हजारांहून अधिकांचें दुसरें. यांतले पुष्कळ लढणारे नव्हतेच. ते व्यापारी जहाजांवरचे नोकर होते. अशा जहाजांवर कोंकण किनाऱ्याचे खलाशी असत, गोंव्याचे स्वयंपाकी असत, पूर्व बंगालचे भट्टीवाले असत. इंग्रज खलाशापेक्षां त्यांचा पगार कितीतरी कमी असे. युद्धनौकेला कायदा आहे; व्यापारी जहाजाला तो कितपत लागूं पडतो हा प्रश्न २००६ सालींही इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांत चालला होता, आणि तो धसास लावला तो एका बुडालेल्या खलाशाच्या मुलींनीं. आमच्या खलाशांच्या मुली कोणत्या न्यायालयांत जाणार होत्या? घरीं तार आली असेल, किंवा आलीही नसेल. दाभोळ, जयगड, हर्णै येथल्या कोणी बाईनें पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली असेल.

मशीद बंदराचें तें वसतिगृह व दारूखान्याचे जहाजें मोडण्याचे धक्के हीं मुंबईच्या एकाच पूर्व किनाऱ्यावर आहेत, आणि बाजूच्या रस्त्यांवरून लोखंडाच्या पत्र्यांच्या गाड्या अजून जात असतात. स्मारक पाहावयाचें असल्यास वसतिगृहाच्या फाटकाशीं चौकशी करावी. त्या जहाजांवर समुद्रांत कोठेंही हिरवा बोया नाहीं.