जुनं झालं, हे ठरवायचं कोणी?

वस्तू जुनी कधी झाली, हे मराठी घरांत आजवर घरच ठरवत आलं. साडीची गोधडी आणि गोधडीचं पायपुसणं झाल्यावरच ते कापड उंबऱ्याबाहेर जायचं. कॉम्प्युटरबाबत मात्र हा हक्क घराकडे उरलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले आणि धडधाकट यंत्रंही त्या दिवशी म्हातारी ठरली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे २०१६ साली मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला लॅपटॉप नापास! मुलगा नोकरीला लागल्यावर असा लॅपटॉप बहुधा वडिलांकडे येतो. ते त्यावर वीजबिल भरतात, नातीशी बोलतात. मुलगा म्हणतो, "बाबा, नवीन घेऊ." बाबा म्हणतात, "अरे, चालतोय की!"

दोघांचंही खरं आहे. अपडेट न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करण्याला काटकसर म्हणता येत नाही. पण दुकान गाठण्याआधी मधले रस्ते आहेत. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावरच शिकवत आहेत. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदतही मिळाली. तिच्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, अशा अटी होत्या. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला आणि तिथे ही मुदत पैसे न घेता द्यावी लागली. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. तिच्यासारख्या संस्थांकडे असं गाऱ्हाणं घेऊन किती जण जातात?

दुरुस्तीचा रस्ता तर त्याहून जुना. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडायचं, पंख्यातली धूळ काढायची, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची, चार जीबीची रॅम आठ करायची. एवढ्यावर रडतखडत चालणारं यंत्र पळू लागतं. पण आता हाही रस्ता महागला. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक रॅम बनवतात आणि २०२५ च्या अखेरीस त्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एआयशी देणंघेणं नसलेल्या बाबांनी त्याची किंमत का मोजावी?

फेकलेल्या यंत्राचं पुढे काय होतं, हेही घराने पाहायला हवं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या पावभागापेक्षाही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीच्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर गरिबांच्याच घरात शिरतो.

नवा लॅपटॉप घ्यावाच लागला, तर रंग आणि वजन पाहण्याआधी दुकानदाराला विचारा: रॅम बदलता येते की बोर्डावर डाख देऊन कायमची बसवली आहे? बॅटरी किती वर्षं मिळेल? उत्तर बिलावर लिहून मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर पुढचं दुकान बघा.