मोगऱ्याला नॉमिनी नसतो

माणसाने कसे जगावे, या प्रश्नाचा विचार जगातल्या थोर तत्त्ववेत्त्यांनी केला तो बहुधा भाड्याच्या घरात राहून. ज्याच्या स्वतःच्या घरामागे वीस फूट बाय पंचवीस फूट मोकळी जागा आहे, त्याला ही चैन परवडत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो असा : लावावे काय?

आमची जागा रत्नागिरीत. तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा आणि चौथ्या बाजूला आमचेच न्हाणीघर. ऊन म्हणाल तर मधल्या एकाच तुकड्यावर दिवसभर टिकते. म्हणजे उमेदवार कितीही असोत, जागा एकच. बँकेतल्या बढतीसारखेच ते. गाळून गाळून शेवटी दोन नावे उरली, नारळ आणि मोगरा. मी बी.कॉम. असून बँकेत क्लार्क आहे, तेव्हा मीच दोघांचा ताळेबंद मांडावा असे घरात ठरले. बी.कॉम. झालेल्या माणसाला घरात मान मिळण्याचे प्रसंग फार थोडे. मी लगेच कागद घेऊन बसलो.

आधी नारळ. जमेची बाजू लिहायला पान पुरेना. खोबरे, तेल, करवंटी, सोडणाचा सुंभ, झावळ्यांचे झाप, हिरांचा खराटा. कल्पवृक्ष ही काही त्याला मिळालेली मानद पदवी नव्हे, रीतसर सगळे पेपर देऊन मिळवलेली आहे. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि पुढे ऐंशी वर्षे, कधी त्याहूनही अधिक, देत राहतो. नीट निगा राखली तर वर्षाला ऐंशी ते शंभर नारळ. शिस्त तर अशी, की साधारण महिन्याला एक नवी झावळी आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. दरमहा काम दाखवणारा, रजा न मागणारा आणि संपावर न जाणारा असा कर्मचारी आमच्या शाखेला अजून लाभलेला नाही. (यात मी धरलो आहे.)

आता नावेची बाजू. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. दोन माडांत पंचवीस फुटांचे अंतर हवे, म्हणजे एकेका माडाच्या वाट्याला सव्वासहाशे चौरस फूट. आमच्याकडे आहेत पाचशे. न्हाणीघर त्याच्या नावे लिहून दिले तरच जमायचे. शिवाय गेंड्या भुंगा कोवळा कोंब कुरतडतो आणि सोंड्या भुंग्याची अळी बुंधा आतून पोखरते. वरून झाड ठणठणीत दिसते आणि एके दिवशी मान टाकते. पुढे पाडेल्याची मनधरणी आणि फुटलेल्या कौलांची बेरीज आहेच.

पण खरा खर्च काळाचा. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा, हे आम्हांला कॉलेजात शिकवले होते. सात टक्के दर धरला तर सात वर्षांनी मिळणाऱ्या शंभर नारळांची आजची किंमत बासष्ट नारळ होते. उरलेले अडतीस कोणी खाल्ले, ते पुस्तकात दिलेले नाही.

मग मोगरा. याच्या जमेच्या बाजूला मी एकच शब्द लिहिला : वास. बाकी पान कोरे. फांदी मातीत दाबून रोप केले, की पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळी दिसते. थंडीत छाटायचे, पाणी तोडायचे, जरा उपाशी ठेवायचे, मग खतपाणी दिले की उन्हाळाभर फुले. छळल्याखेरीज फुलत नाही, या बाबतीत तो कवींच्या जातीचा. सकाळी कळी खुडावी, संध्याकाळी ती उमलते आणि दुसऱ्या दुपारी तपकिरी पडते. भरगच्च पाकळ्यांच्या जातींना तर सहसा बीसुद्धा धरत नाही. फळ नाही, बी नाही, लाकूड नाही, सुकल्यावर किंमत नाही. मी शेरा मारला : ‘निरुपयोगी’.

हा शेरा मला नंतर खोडावा लागेल असे सौ.ने बजावले. पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडच्या बाजूला आदिवासी शेतकरी मोगरा लावतात, कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात आणि त्यावर घरे चालतात, हे तिने मला ऐकवले. म्हणजे मोगऱ्याने पोट भरते. आणि नारळाने? सत्कारात मिळालेला नारळ कोपऱ्यात सुकतो, आणि नोकरीवरून काढायचे झाले की हातात नारळच देतात. उपयोग हा झाडात नसतो, झाडाकडे बघणाऱ्याच्या गरजेत असतो. मी शेरा खोडला आणि बाजूला सही केली. बँकेत सहीशिवाय खाडाखोड चालत नाही.

तेवढ्यात आमच्या आळीतले निवृत्त मास्तर आले. मास्तर म्हणाले, “माड लावणं म्हणजे निष्काम कर्म. लावतो आजोबा, खातो नातू.”

मी म्हटले, “मास्तर, सात वर्षं मान वर करकरून पोय आली का बघणारा माणूस निष्काम कसा? मोगऱ्याला फळच नाही. आशा धरायची सोयच नाही. खरा कर्मयोगी मोगरा लावणारा.”

मास्तर शांतपणे म्हणाले, “वास हे फळ नव्हे काय रे?”

मास्तरांशी वाद घालण्यात हा एक धोका असतो. ते कधीकधी बरोबर असतात.

आता सुज्ञ वाचक म्हणेल, अहो, दोन्ही लावा की! तोही हिशेब केला. माड सात-आठ वर्षांचा होईपर्यंत खाली ऊन येते. पुढे पंचविशी उलटली की तो इतका उंच जातो की ऊन पुन्हा खाली उतरते. मधली सतरा-अठरा वर्षे मात्र दाट सावली, आणि मोगऱ्याला हवे भरपूर ऊन. म्हणजे माड धरायला लागणार त्याच सुमाराला मोगरा फुलायचा थांबणार. दोन्ही लावणे म्हणजे भांडण मिटवणे नव्हे, भांडण मुदत ठेवीत टाकणे.

मत द्यायची एकटी आईच राहिली होती. ती माजघरात तांदूळ निवडत होती. वय वर्षे शहात्तर. मान वर न करता म्हणाली, “नारळच लाव हो. पोरांना होईल. मोगरा कशाला? कोण माळणार आहे?”

तसे पाहिले तर प्रश्न रास्त होता. सौ.चे केस मानेपर्यंत कापलेले. मुलगी पुण्याला, तिला फुलांपेक्षा इअरफोन प्रिय. पण सौ. पटकन म्हणाली, “तुम्ही माळा की, आई.”

आई काही बोलली नाही. तिने सुपातला एक खडा उचलला आणि बराच वेळ तो हातात धरून ठेवला.

वडील गेले तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्याला आता सदतीस वर्षे झाली. या सदतीस वर्षांत आळीतल्या कितीतरी मुलींच्या लग्नांत गजरे तिने गुंफले. केळीच्या सोपटात तिच्यासारखी घट्ट गाठ दुसऱ्या कुणाची बसत नाही. कळी आज संध्याकाळी उमलेल की उद्या, ते ती बोटाने नुसते चाचपून सांगते. गजरा झाला की ती तो दुसरीच्या हातात देते आणि बोटे पदराला पुसते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद केले, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव उत्तमच होता. पण ठराव कुणाच्या केसांत फूल खोवत नाही. आमच्या आळीत आईला कुणी कधी मनाई केली नव्हती. कुणी कधी फूल पुढेही केले नव्हते. मनाईला निदान विरोध तरी करता येतो.

आता सांगा, आईचे ऐकायचे की नाही? तिने मत नारळाला दिले होते, त्यात शंका नाही. पण जिच्या मतपत्रिकेवर सदतीस वर्षे एकच नाव छापले गेले, तिने त्याच नावावर शिक्का मारला, याला निवडणूक म्हणावे का?

बँकेत मी रोज मुदत ठेवी पाहतो. ठेवणारा शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली घालून येतो आणि पावतीवर नॉमिनी लिहितो. आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे आपण न खाता ठेवायचे, ते आता एकाऐवजी चौघांसाठी. आणि तरीही दहा वर्षे कुणी मागायलाच येत नाही अशा ठेवी निघतात. २०१४ पासून त्या रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होतात. ठेवणाऱ्याने खाल्ले नाही, घेणाऱ्याला कळले नाही.

म्हणून पुढच्यांसाठी काही लावूच नये, असे मी म्हणत नाही. आज माझ्या आमटीत पडते ते खोबरे मी जन्मण्याआधी कुणीतरी खणलेल्या खड्ड्यातले असेल. हे देणे आहेच, आणि ते पुढच्यालाच फेडायचे असते. पण ते देणे थांबू शकते. शंभर वर्षे जगणाऱ्या झाडाला एका पावसाळ्याची घाई नसते. माडाचे रोप पिशवीत तयार आहे, येत्या पावसात वाडीच्या सामाईक विहिरीजवळ त्याला जागा मागणार आहे. नारळ ज्याच्या नशिबी असतील तो खाईल.

उन्हातला तुकडा मोगऱ्याला दिला. आई ती फुले माळेल, की देवाला वाहील, की गजरा करून शेजारणीच्या नातीला देईल, ते तिचे ती ठरवेल. निदान या वेळी ठरवायला तिच्या ओंजळीत काही असेल. नातवंडांचे देणे सात वर्षांनीही व्याजासकट फेडता येते. शहात्तर वर्षांच्या माणसाचे देणे मुदत ठेवीत ठेवायचे नसते.

माझा ताळेबंद अर्थातच जुळला नाही. मोगऱ्याच्या खात्यात शिल्लक पुढे ओढायची सोयच नाही. रोज संध्याकाळी जेवढे जमा, तेवढे तिथल्या तिथे खर्च, आणि दुसऱ्या दुपारी बाकी शून्य. इतके चोख खाते आमच्या शाखेतही दुसरे नसेल.