मधली पायरी

पेपरात वाचलं, अमक्या कंपनीच्या नफ्यानं म्हणे क्वांटम जंप घेतली. कळव्याच्या फलाटावर उभा होतो. समोरून फास्ट गाडी धडधडत गेली, कळव्याला ती थांबली नाही. म्हटलं, हा शब्द कुठून निघाला नि कुठं पोचला ते तरी बघू.

मुळात त्यात मोठं असं काही नाहीच. १९०० साली माक्स प्लांकनं मांडलं की ऊर्जा सलग धारेनं नाही, ठरल्या मापाच्या पुड्यांनी दिली-घेतली जाते. १९१३ साली नील्स बोर म्हणाला, अणूतला इलेक्ट्रॉन ठराविक पातळ्यांवरच राहतो. या पातळीवरून त्या पातळीवर जातो, मधे कुठं उभा राहत नाही. उडी एवढी बारीक की डोळ्याला दिसायची नाही. पुढं इंग्रजी पेपरवाल्यांनी ती उचलली नि हनुमानउडी करून टाकली. शिकलेले लोक या चुकीला हसतात. हसू देत. पण लहान-मोठं हा मुद्दाच नाही दोस्तहो. मधे पायरी नाही, हा मुद्दा आहे, नि तोच पेपरवाल्यांनी गाळला.

आपल्याला हे कळायला अणू लागत नाही. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांचा मनोरा म्हटलं, नि त्याला शिडी नाही असं सांगितलं. मुंबईच्या गिरण्यांत तो मनोरा आडवा पडलेला होता. अस्पृश्याला रिंगखात्यात काम मिळे, साच्यावर नाही. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायचा. थुंकी कुणाची लागणार! साच्यावर पगार जास्त. वीस वर्षं राबा, हात कितीही सफाईचा असू द्या, रिंगखात्यातून साचेखात्यात जायला वाटच नव्हती. संपात खांद्याला खांदा लावणाऱ्यांनाही ती थुंकी चालत नव्हती. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं.

अशा ठिकाणी 'हळूहळू होईल' म्हणजे काय होईल? अर्ध्या मापाची ऊर्जा दिली म्हणून इलेक्ट्रॉन अर्धा चढत नाही. जिथल्या तिथं राहतो.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली. परतले ते त्याच झोपडीत, त्याच मजुरीवर. मापायला गेलात तर बदल शून्य. तरी सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत आला नाही. याला म्हणतात क्वांटम उडी!

इथवर लिहून मी खूष होतो. मग वाचण्यात आलं, २०१९ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका कृत्रिम अणूची उडी टिपली. एकदा सुरू झाली की ती सलग वाटेनं जाते, आणि मधेच पकडून त्यांनी ती उलटवूनही दाखवली. च्यायला, झाली पंचाईत.

पण मग येवला आठवलं. हिंदू म्हणून मरणार नाही हे बाबासाहेबांनी तिथं जाहीर केलं ते १३ ऑक्टोबर १९३५ला. तिथून नागपूरला पोचायला २१ वर्षं नि १ दिवस लागला. त्या २१ वर्षांत आपली माणसं कुठल्या मजल्यावर होती? जुना सुटलेला, नवा लागलेला नाही. नि तेवढ्या वेळात परत फिरवायला काय कमी लोक आले?

आमच्या शेजारच्या म्हातारीच्या घरात भिंतीवर बुद्ध आहे नि पत्र्याच्या पेटीत देवीचा टाक. सून काढू म्हणते, म्हातारी काढू देत नाही. मी तिच्यावर चिडायचो. परवा तिनं पेटी उघडली, टाक पुसला, बघत बसली, नि परत ठेवून दिला. मी काही बोललो नाही.