परिप्रश्न आणि संशय

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी परिप्रश्न हे ज्ञानाचे साधन म्हटले आहे आणि त्याच अध्यायात संशयात्म्याचा नाशही सांगितला आहे. मग या दोहोंत भेद कोणता?

हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा फार मोठा संभव आहे, असे विधान होते. २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी हिमनद्यांच्या असाधारण क्षयाविषयी शंका घेतली. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने ते विधान पुरेशा आधारावाचून झाल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. प्रश्न विचारला गेला म्हणूनच दोष निघाला.

परंतु त्यावरून कित्येक जण म्हणू लागले की, हवामानबदल सर्वच मिथ्या आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दिवेचा केंद्रात उपग्रहचित्रांवरून हिमनद्यांचे मापन होते. हिमालयातील बहुतेक हिमनद्या क्षीण होत आहेत, असेच अशा मापनांवरून दिसते. रोग्याचे दिवस सांगण्यात वैद्य चुकला, म्हणून रोग नाहीसा होत नाही.

उत्तर मिळताच जो ते स्वीकारतो, तो जिज्ञासू. उत्तर मिळूनही जो प्रश्नच धरून बसतो, तो संशयात्मा. आपली शंका सत्याकडे नेते की कर्तव्यातून सुटण्याची वाट शोधते, हे प्रत्येक गृहस्थाने आपल्या अंतःकरणास विचारावे.