दुसऱ्याच्या जागीं

नवें कांहीं निर्माण करणाराची जगांत कीर्ति होते. मोडलेल्या वस्तूचा एखादा भाग पुन्हा घडवून ती चालती करणाराचें नांव कोणी विचारीत नाहीं. याचें कारण उघड आहे. पहिल्याचें काम डोळ्यांत भरतें. दुसऱ्याचें काम चांगलें साधलें तर तें दिसेनासें होतें. परंतु अशा न दिसणाऱ्या कामाला कांहीं नीति असते कीं नाहीं, आणि असल्यास ती कोणती, हा प्रश्न लहान नाहीं. कारण आपणांपैकीं नवें घडविणारे विरळा; दुसऱ्याच्या रिकाम्या जागीं जाऊन उभे राहणारे बहुतेक सगळे.

हा प्रश्न एका साध्या वस्तूच्या आधारानें तपासून पाहूं. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें, सावंतवाडी या टापूंत, म्हणजे १९८१ सालीं वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, कार्तिक महिना आला कीं देवळोदेवळीं जत्रा सुरू होतात व दशावताराचीं नाटकें रात्र रात्र चालतात. वाद्यें मोजकींच: पखवाज, झांज आणि पायपेटी. पायपेटीचा वादक पायानें पेडल दाबतो; ती ओढ दांडीनें किंवा पट्ट्यानें भात्यापर्यंत जाते, आणि भात्यानें हालविलेला वारा सुरांच्या पितळी जिभा कांपवितो. दोन्ही हात पट्ट्यांवर फिरावयास मोकळे राहतात, हा या रचनेचा मोठा लाभ. प्रेक्षकांना पट्ट्यांवरचीं बोटें दिसतात, दांडी दिसत नाहीं. पण ती मोडली तर त्या बोटांना कांहींच अर्थ उरत नाहीं.

आणि ती मोडते. समुद्रकांठची खारी हवा लोखंडाला खाते. लोखंडाला पितळ टेकलेलें असेल तर अधिकच वेगानें खाते. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, जत्रांच्या कोरड्या दिवसांत आक्रसतें. तशांत पेटी गांवोगांव हिंडते. मग गांवच्या सुतारापुढें किंवा लोहारापुढें मोडकी दांडी येते आणि तो दुसरी करूं लागतो.

येथें तत्त्ववेत्ते लगेच आपला जुना प्रश्न पुढें करतील. मिलिंद राजाला नागसेनानें विचारलेंच होतें कीं, चाकें, आंस, जूं यांपैकीं रथ कोणता? ग्रीकांनींही थीसियसच्या नौकेची एकेक फळी बदलून झाल्यावर नौका तीच कीं दुसरी, असा वाद घातला. प्रश्न मोठे खरे, परंतु ते वस्तूकडे बाहेरून पाहणाराचे आहेत. दशावतारापुरतें बोलावयाचें तर पेटी हीच मुळीं बदली आलेली आहे. हें नाटक जुनें. पेटी पॅरिसमध्यें १८४० च्या सुमारास देबँ नांवाच्या कारागिरानें सिद्ध केली. नभोवाणीनें १९४० सालीं तिच्यावर घातलेली बंदी १९७१ सालीं अंशतः उठली. जत्रेनें मात्र तिला कधींच आपली मानलें होतें. अस्सल कोणतें, या वादानें तेथें कोणाचें अडलें नाहीं.

कारागिराचा प्रश्न निराळाच असतो: माप कोणतें घ्यावें? वाटतें कीं यांत विचारण्यासारखें काय आहे, मूळ दांडीचें घ्यावें. परंतु ती दांडी ज्या पेटींत प्रथम बसली ती पेटी आतां राहिलेली नाहीं. इतक्या वर्षांत भोंकें घासून लांबट झालीं, खिळा झिजला, भात्याचें चामडें सैल पडलें. मूळ मापाची दांडी बसविली तर ती खडखडते, आणि करुण प्रसंगीं सूर हळू झाला कीं तो खडखडाट नेमका ऐकूं येतो. दांडी लांब झाली तर पेडल तळाला टेकतें आणि भाता अर्धाच हालतो; आंखूड झाली तर पाय उचललेलाच राहून वादकाची पोटरी मध्यरात्रीच्या आंत भरून येते. तेव्हां माप घ्यावयाचें तें पेटी पूर्वीं होती तिचें नव्हे, आज आहे तिचें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग झीज हाच नियम झाला. उद्यां प्रत्येक दोषाला सांभाळून घ्यावें लागेल. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु झीज दोन प्रकारची असते. वादकाच्या पायाच्या वळणानें पेडल एका बाजूला किंचित् कललें, ही संवय. तिला मान द्यावा. भोंकाच्या कडा फुटूं लागल्या, हा नाश. तेथें आधीं भोंक नीट बुजवून मगच दांडी घालावी. यांतील भेद ओळखणें हीच कारागिराची खरी विद्या. ती मोजपट्टींत नसते. पेटीपाशीं बसून ती वाजतांना ऐकावें लागतें.

अमेरिकेंत पेडल स्टील गिटार म्हणून एक वाद्य आहे. त्याच्या पोटाखालीं अशाच सळया असतात. पेडल दाबलें कीं सळई ओढली जाते, तार ताणते आणि सूर चढतो. जुन्या वाद्याच्या सळया मिळेनाशा झाल्या कीं त्या नव्यानें घडवाव्या लागतात. पण सळईच्या टोंकाशीं एक लहानशी फिरकी ठेवलेली असते. ती फिरवून सूर नेमका लावतां येतो. म्हणजे लांबी कितीही अचूक असली तरी सळई बसविल्यावर जुळवून घेण्यास जागा ठेवावीच लागते.

माणसांच्या बाबतींत आपण एवढेंही करीत नाहीं. बाप गेल्यावर दुकानावर बसलेला मुलगा, जुन्या शिक्षकाच्या वर्गावर आलेला नवा शिक्षक, सासूमागून घर हातीं घेणारी सून, यांना आपण मूळ मापानें मोजतों आणि खडखडाट झाला कीं दोष त्यांना देतों. जागा मात्र मूळची राहिलेली नसते. आधींच्या माणसानें ती आपल्या वजनानें घासून आपल्या आकाराची केलेली असते. दशावतारी मंडळी याबाबत अधिक शहाणी. त्यांच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आजारी नटाच्या जागीं दुसरा उभा राहिला तर त्यानें कथानक राखावें, समोरच्याच्या बोलण्याला उत्तर द्यावें, एवढीच अपेक्षा. शब्द त्याचे स्वतःचे. पहिल्याची हुबेहूब नक्कल कोणी मागत नाहीं, आणि कथा मोडण्याची मुभाही कोणी देत नाहीं.

आमच्या मतें दुसऱ्याच्या जागीं जाणाराचें कर्तव्य इतकेंच: आपल्यामुळें वारा अडूं नये. आणि जे त्याला त्या जागीं बसवितात त्यांचेंही एक कर्तव्य आहे, तें बहुधा विसरलें जातें. त्यांनीं आधीं भोंक साफ करावें, फुटलेल्या कडा बुजवाव्या, आणि कांहीं दिवस फिरकी फिरविण्यास त्याला सवड द्यावी. हें न करतां नव्या दांडीला नांवें ठेवणाऱ्या घरांत सूर बिघडला, तर तो दोष दांडीचा नव्हे.