हुरुपाची जबाबदारी

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तयारीला लागलेल्या तरुणाला वडीलधारी मंडळी जो उपदेश करतात, त्यातील बराचसा निरुपयोगी असतो आणि उरलेला त्याला आधीपासूनच ठाऊक असतो. जिद्द सोडू नकोस, मन घट्ट कर, ध्येयावरची नजर ढळू देऊ नकोस, असे सांगणाऱ्याची भावना प्रामाणिक असते, हे मान्य. परंतु ज्याला रोज पहाटे उठून तीच वजने तितक्याच वेळा उचलावयाची आहेत आणि रात्री अर्धपोटी निजावयाचे आहे, त्याचा हुरूप मावळला तर तो मनाच्या दुर्बलतेमुळेच मावळला असला पाहिजे, हे त्या उपदेशामागील गृहीत मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. माझे मत असे की, हुरूप टिकविण्याचे काम एके काळी तालमीचे, वस्तादाचे आणि गावाचे होते. ते आपण हळूहळू एकट्या तरुणाच्या माथी मारले, आणि तो थकला म्हणजे दोषही त्यालाच देऊ लागलो.

शरीर कमावण्याची आपली परंपरा जुनी आहे, स्पर्धा त्या मानाने अलीकडची. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून प्रकृती सुधारण्यात घालविले, ही हकीकत शाळकरी मुलासही पाठ असते. पण त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना कोणा परीक्षकापुढे उभे राहून दंड फुगवून दाखवावयाचे नव्हते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कमावलेले शरीर हाच ज्या स्पर्धेत गुण देण्याचा विषय, अशी पहिली मोठी स्पर्धा व्यायामपटू युजेन सँडो याने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरविली, आणि तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हेही होते. या सँडोचे वेड आपल्याकडील राजवाड्यांतही शिरले होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सुमारे दहा वर्षे त्याच्याच पद्धतीने व्यायाम केला आणि मग ते सूर्यनमस्काराकडे वळले; पुढे स्वतः तर त्यांनी ते सोडले नाहीतच, पण संस्थानच्या शाळांतूनही त्यांचा शिरस्ता घालून दिला. एकट्याने सँडोच्या स्प्रिंगा ओढण्यापेक्षा घरच्या माणसांबरोबर आणि शाळेतल्या पोरांबरोबर घातलेला नमस्कार अधिक टिकतो, हे राजेसाहेबांना अनुभवाने कळले असावे, असा माझा तर्क आहे. त्याला कोणी पुरावा मागू नये.

तालमीची रचनाच अशी होती की तेथे एकट्याच्या मनावर फारसे काही सोपविलेले नसे. ओळीने जोर मारणाऱ्या दहा पोरांपैकी एकजण मोठ्याने आकडा म्हणे आणि बाकीचे त्या आकड्याबरोबर खाली-वर होत. शेजारचा चाळिसाव्या जोराला उतरला असता आपण अडतिसाव्यालाच गुडघे टेकावयाचे, हे पोराला शरमेने जमत नसे. एक दिवस पोरगा आला नाही तर वस्ताद विचारी, दोन दिवस आला नाही तर घरी निरोप जाई, आणि तिसऱ्या दिवशी बापच त्याला कान धरून मारुतीपुढे आणून उभा करी. आमच्या विदर्भात १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी जे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. ही मजल त्या पथकातील प्रत्येक मल्लाने स्वतंत्रपणे मन घट्ट केल्याने गाठली गेली, असे त्या काळी कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. मंडळ होते, वेळ ठरलेली होती, पुढारी माणसे स्वतः मैदानात उतरत होती, आणि मुलगा केवळ त्या ओघात सामील होत होता.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता; तेव्हा लोकांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर तारण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्याच्या खुराकात आणि प्रवासखर्चात इतक्यांचा पैसा अडकलेला आहे, त्याने उद्या सकाळी सरावास जावे की न जावे, हा प्रश्न केवळ त्याच्या मर्जीचा उरतच नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये मनोहर आईच या बंगाली व्यायामपटूने मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटातील पहिला मान मिळविला. उंची पाच फुटांच्याही आत. हवाई दलाच्या नोकरीत असताना इंग्रज अधिकाऱ्यावर हात उगारल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला होता, आणि तेथेच, कोणतेही साधन हाताशी नसता, दिवसाचे कित्येक तास व्यायाम करून त्यांनी आपल्या शरीराचा पाया घातला. माझ्या प्रतिपादनाविरुद्ध हे उदाहरण कोणी पुढे करील तर तो हक्काने करू शकतो, कारण तुरुंगातील कैद्यापेक्षा एकाकी मनुष्य कोण? तथापि थोडे जवळून पाहता असे दिसते की, त्या तुरुंगात जेवणाची वेळ ठरलेली होती, झोपेची वेळ ठरलेली होती, दुसरा उद्योग नव्हता, आणि या कैद्याची चिकाटी पाहून अधिकाऱ्यांनी त्याच्या आहाराची वेगळी तजवीजही केली होती. आजच्या खेड्यातील तरुणाला या चारही गोष्टी मिळत नाहीत, हे म्हणताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

आमच्या दिघोरीच्या बाजूला, म्हणजे लाखांदूर तालुक्याच्या या धानपट्ट्यात, पहाटेच्या अंधारात रस्त्याने पोरे धावताना दिसतात. ती पोलीस भरतीची. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास गुणांची मैदानी परीक्षा. पुढे लेखी, आणि त्यापुढे, नशिबात असेल तर, सरकारी नोकरी. ती घोळक्याने धावतात, एकमेकांचा वेळ मोबाईलवर घेतात, मागे पडलेल्याला शिव्या घालून पुढे ओढतात, आणि घरची माणसेही त्यांना पहाटे चहा करून देतात, कारण या धावण्याचा मोबदला काय, हे सर्वांना समजते. ‘भंडारा श्री’ किंवा ‘विदर्भ श्री’च्या मंचावर उभे राहण्याचे ज्याने मनावर घेतले आहे, तो मुलगा मात्र याच रस्त्याने एकटाच जिमकडे जातो. त्याच्या यशाचा मोबदला म्हणजे एक ढाल, बेताची रक्कम आणि वर्तमानपत्रात चार ओळी; तोही वजनगटात पहिल्या काहींत आला तरच. मग ‘हे कशासाठी?’ असे शेजारी विचारतात तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते असे नव्हे, पण जे असते ते चारचौघांत सांगण्यासारखे त्याला वाटत नाही. आपले शरीर आपल्या हातांनी घडवून पाहावे, ही इच्छा मूर्तिकाराने बोलून दाखविली तर कला ठरते. शेतकऱ्याच्या पोराने बोलून दाखविली तर रिकामटेकडेपणा ठरतो.

त्याच्याजवळ साक्षीदार म्हणून उरतो तो आरसा, आणि आरसा हा अत्यंत अविश्वासू साक्षीदार होय. स्नायू महिन्यांच्या हिशेबाने वाढतात, आणि आरसा रोज पाहिला जातो. काल मीठ जास्त पडले म्हणून आज अंगावर पाणी साठून पोटाच्या रेषा बुजाव्यात आणि त्यावरून आठ महिने वाया गेले असा निष्कर्ष निघावा, हा अनुभव या मार्गावरच्या प्रत्येकाचा असतो. पोझिंगचा सराव मी एकदा बारकाईने पाहिला आहे. दोन्ही दंड वर करून पाठ फुलविलेल्या अवस्थेत मुलगा उभा होता; पिंढरी ताणलेली, मांडी थरथरते आहे, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरतो आहे, आणि चेहऱ्यावर मात्र परीक्षकांसाठी म्हणून हसू राखावयाचे आहे. लोखंड उचलण्यापेक्षा ते हसू जड असावे.

सर्वांत कठीण परीक्षा पुन्हा जिममध्ये नसून घरच्या ताटावर असते. हा भाताचा मुलूख. बांध्यांतले धान हीच येथील घराची इभ्रत, आणि आलेल्या माणसाला भात वाढणे हीच माया. स्पर्धेपूर्वीचे तीन-चार महिने ‘कटिंग’चे, म्हणजे चरबी उतरविण्याचे, म्हणून ट्रेनरने भात मोजून खावयास, आणि अखेरीस जवळजवळ बंद करावयास सांगितलेला असतो. आईच्या दृष्टीने पोराने भात नाकारला याचा अर्थ तो आजारी आहे किंवा रुसला आहे, एवढाच होतो. अंडी वेगळी उकडावयाची, चणे वेगळे भिजवावयाचे, डाळीवर तेल नको, हे सारे चुलीपाशी रोज नव्याने पटवून द्यावे लागते. आमच्याकडील लाखोळीच्या डाळीत प्रथिन भरपूर, आणि ती धानामागे त्याच ओलीवर होते म्हणून स्वस्तही. पण केवळ तिच्यावर महिनोन्महिने गुजराण केली तर पाय लुळे पडतात, याच भयाने १९६१ सालापासून तिच्या विक्रीला बंदी होती, जी महाराष्ट्राने २००८ साली उठविली. तेव्हा तोही मार्ग बेतानेच चालावयाचा. उरते डब्यातली पावडर, जिची किंमत ऐकून बाप गप्प बसतो. पुष्कळांचा हुरूप मनातून ओसरण्याच्या कितीतरी आधी खिशातून गळालेला असतो.

आणि मन खचते ते तरी केवळ मनाचे काम असते काय? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सुमारे २४ आठवडे अर्ध्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले हे अपेक्षितच होते. पण त्याबरोबर ते चिडखोर झाले, उदास झाले, हास्यविनोद थांबला, त्यांना थंडी सोसेना, आणि अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. काहींनी तर पाककृतींची पुस्तके वाचण्याचा छंद लावून घेतला. ही माणसे दुबळ्या मनाची नव्हती. युद्धात शस्त्र न धरण्याच्या तत्त्वासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करलेला होता. स्पर्धेपूर्वीचे शेवटचे आठवडे हा त्याच प्रयोगाचा, प्रथिने अधिक असलेला आणि स्वेच्छेने पत्करलेला, लहानसा अवतार होय. त्या काळात मुलगा घरात कोणाशी बोलत नाही, साध्या प्रश्नावर खेकसतो, आणि ‘आता नको वाटते’ म्हणतो, तेव्हा ते त्याचे मत नसून त्याच्या रिकाम्या पोटाचे म्हणणे आहे, हे त्याला स्वतःलाही कोणीतरी समजावून सांगावयास हवे. ते न सांगता त्याच्यापुढे जिद्दीची व्याख्याने झोडणे, हा मला अडाणीपणाचाच एक सभ्य प्रकार वाटतो.

स्नायू फुगविण्याच्या इंजेक्शनांविषयी थोडक्यात. ती घेणारा प्रत्येक मुलगा लबाड असतो असे मी मानीत नाही. पुष्कळदा तो तारखेने घाबरलेला असतो. सारा हुरूप एका दिवसाच्या निकालाला बांधून ठेवला की मुदत जवळ येताच आडमार्ग दिसू लागतात, आणि पुढे हृदय आणि यकृत त्याची वसुली सव्याज करतात.

धानाच्या रोवणीला उमेद आहे की नाही, असे शेतकऱ्याला कोणी विचारीत नाही. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी आले, की घरदार चिखलात उतरते. स्पर्धेच्या तयारीलाही असाच ऋतुक्रम लावता येतो, आणि येथे तो शेतीच्या ऋतूंशी जुळवूनच लावला पाहिजे. चिखलणीच्या आणि रोवणीच्या दिवसांत कंबर मोडून आलेल्या मुलाने शहरी कोष्टकाप्रमाणे पायांचा व्यायाम त्याच दिवशी केला नाही, तर तो आळशी ठरत नाही. त्या महिन्यात राखणे पुरे, वाढविणे पुढे. दुसरे, आरशाऐवजी वही असावी. किती वजन, किती वेळा, किती झोप, याची रोजची नोंद करून महिन्याच्या महिन्याला रुजुवात घेतली, म्हणजे मनाला जे नाकारावेसे वाटते ते आकड्यांना कबूल करावे लागते. आणि तिसरे, ज्याच्यावाचून पहिली दोन्ही लंगडी पडतात, ते म्हणजे सोबत. त्याच स्पर्धेतला प्रतिस्पर्धीही चालेल. किंबहुना तोच उत्तम, कारण भुकेची भाषा त्याला उलगडून सांगावी लागत नाही. सरकारी अनुदानातून खेडोपाडी व्यायामशाळांच्या इमारती झाल्या, साहित्यही आले. पण ज्याने रोज सहा वाजता कुलूप काढून कोण आले, कोण नाही हे पाहावे, त्या माणसाची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. तो माणूस पगारी असावा लागत नाही. निवृत्त शिक्षक चालेल, फौजेतून परतलेला हवालदार चालेल, ज्याला रात्री झोप लागत नाही असा म्हातारासुद्धा चालेल.

गावाने काय करावे, याचे एक उत्तर आमच्या भागात तयारच आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक होते, लेकी माहेरी येतात, मंच असतो, दिवे असतात, आणि साऱ्या पंचक्रोशीचे डोळे त्या मंचाकडे लागलेले असतात. दंडारीत वेष घेऊन नाचणाऱ्या पोराचे ज्याला कौतुक करता येते, त्या प्रेक्षकाला वर्षभर घाम गाळून घडविलेल्या शरीराचेही ते करता येईल. परीक्षक नकोत, गुण नकोत, ढाल नको. तयारी करणाऱ्या मुलांनी तेथे उभे राहून आपले शरीर आपल्या माणसांना दाखवावे, आणि ताटावर नाकारलेला भात कशासाठी नाकारला होता, हे आईने एकदा डोळ्यांनी पाहावे. लाखांदूर तालुक्यातील मंडईच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामात दंडार सुरू होण्यापूर्वीची पंधरा मिनिटे त्यांनी या मुलांना द्यावीत, आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या पुढाऱ्यांऐवजी त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवाव्यात.