खिशात मावणारा ग्रंथ

छापखाना निघाला आणि बायबल घरोघरी पोहोचलं, असं आपण एका दमात म्हणून मोकळे होतो. मधली शंभर वर्षं त्यात गळून जातात.

गुटेनबर्गने जर्मनीतल्या माइन्त्स शहरात 1455च्या सुमारास छापलेलं बायबल दोन जाडजूड खंडांचं होतं. भाषा लॅटिन, प्रती सुमारे 180, त्यातल्या काही तर वासराच्या कातड्यावर छापलेल्या. सोवळ्यातल्या पोथीसारखाच तो प्रकार: मठात, चर्चमध्ये ठेवायचा आणि जाणत्याने वाचायचा.

खरा फरक पाडला भाषेने आणि आकाराने. विल्यम टिंडल या इंग्रज पाद्र्याने 1526 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला इंग्रजी नवा करार छापून घेतला. पुस्तक एवढं लहान, की कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून ते इंग्लंडात नेता आलं. लंडनच्या बिशपने प्रती जाळल्या. दहा वर्षांनी टिंडललाही ब्रसेल्सजवळ खांबाला बांधून, गळा आवळून जाळलं.

मला मात्र खरं कौतुक आहे ते 1560च्या जिनिव्हा बायबलचं. परागंदा इंग्रजांनी ते जिनिव्हा शहरात तयार केलं. डोळ्यांना ताण देणाऱ्या काळ्याभोर गॉथिक टायपाऐवजी सुटसुटीत रोमन टाइप, जागोजागी नकाशे, समासात टिपा. शिवाय प्रत्येक वचन नव्या ओळीवर आणि त्याला क्रमांक. ही क्रमांकाची युक्ती रोबेर एस्तिएन या मुद्रकाची, नऊच वर्षांपूर्वीची. पण रोज वाचणाऱ्याची केवढी सोय! राबून दमलेल्या माणसाने रात्री चार वचनं वाचावीत, पुस्तक मिटावं, उद्या नेमकं तिथूनच उघडावं. शेजाऱ्याशी वाद झालाच, तर आकडा सांगून वचन पुढ्यात ठेवावं.

समासातल्या टिपा इंग्लंडच्या राजाला झोंबल्या. बायबलातल्या हिब्रू सुइणींनी फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, आज्ञा मोडून बाळं वाचवली, ते योग्यच केलं, असं एक टीप सांगते. राजा जेम्सने 1604 मध्ये तिच्यावर उघड नाराजी दाखवली आणि नवं भाषांतर करवलं ते तसल्या टिपांशिवाय. ते 1611 मध्ये निघालं, चांगलं भलंथोरलं. लोक पुढेही घरात जिनिव्हाच वाचत राहिले. इंग्लंडात त्याची छपाई थांबल्यावर प्रती ॲम्स्टरडॅमहून येऊ लागल्या. शेवटची आवृत्ती 1644 ची.